वाढत्या परिघाची गाडी : पेण-रोह्याच्या मोटारसायकलचा इतिहास

गेल्या दहा-बारा वर्षांत रायगड जिल्ह्याच्या रस्त्यांवर मोटारसायकलींचा एक नवा वर्ग रुळला आहे. साडेतीनशे ते चारशे सीसीचे एक सिलिंडर, डोळ्यांना दिसणारे उघडे इंजिन, अंगावर फेअरिंगचे कवच नाही, रुंद हँडल, ताठ बैठक आणि दीड ते अडीच लाखांच्या दरम्यान किंमत. नेकेड बाइक या नावाने ती ओळखली जाते. शंभर-सव्वाशे सीसीची गाडी दोन-चार वर्षे चालवलेला तरुण पुढची पायरी म्हणून तिच्याकडे पाहतो, आणि काही जण तर लायसन्स हातात पडताच थेट तिच्यावर बसतात. पेण आणि रोह्यासारख्या तालुक्याच्या गावांत ही गाडी का आली, याचे उत्तर बहुतेक जण एका शब्दात देतात : हौस. हे उत्तर अपुरे आहे, असे माझे म्हणणे आहे. या दोन गावांच्या दळणवळणाचा दीडशे वर्षांचा इतिहास समोर ठेवला तर एक गोष्ट स्पष्ट दिसते. इथल्या माणसाच्या कामाचा परीघ जसा वाढत गेला तशी त्याची गाडी वाढली, आणि प्रत्येक टप्प्यावर त्याने खिशाला परवडणारी, सगळ्या कामांना पुरणारी एकच गाडी निवडली. चारशे सीसीची नेकेड हा त्याच निवडीचा आजचा टप्पा आहे.

मोटारपूर्व काळापासून सुरुवात केली पाहिजे, कारण परवशता म्हणजे काय हे तिथे नीट कळते. पेण हे भोगावतीच्या काठचे गाव, त्याचे बंदर अंतोरा. रोहा कुंडलिकेच्या काठी, पलीकडे अष्टमी, आणि खाली रेवदंड्याला नदीचे मुख. भात, मीठ, लाकूड या मालाची वाहतूक खाडीने होई आणि खाडीचा मालक म्हणजे भरती. मुंबईहून आगबोट धरमतरपर्यंत येई आणि पुढचा प्रवास पडाव, बैलगाडी किंवा पायी. घाटमाथ्याशी संबंध पेण-खोपोली रस्त्याने होता, पण पावसाळ्यात खाड्या आणि नद्या माणसाला जागच्या जागी बांधून ठेवत. तीन हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस पडणाऱ्या या मुलखात चार महिने प्रवास हा बेताचाच असे. म्हणजे कुठे जायचे हे माणूस ठरवी, पण कधी जायचे हे पाणी ठरवी. १९४८ साली राज्य परिवहनाची सेवा सुरू झाली आणि पुढच्या दशकांत एसटी कोकणाच्या कानाकोपऱ्यात पोचली, तेव्हा भरतीच्या जागी वेळापत्रक आले. ही क्रांतीच होती आणि तिचे ऋण कोकण कधी विसरणार नाही. तरी शेवटची गाडी चुकली की रात्र स्टँडवर, हा नियम कायम राहिला. स्वतःच्या वेळेने निघण्याची मुभा अजून कोणाला मिळाली नव्हती.

ती मुभा पहिल्यांदा मिळाली ती थोड्यांना, आणि तीही उशिरा. स्वातंत्र्यानंतरच्या तीन दशकांत दुचाकी हवी असणे आणि मिळणे यांत मोठे अंतर होते. किती गाड्या बनवायच्या हे सरकारी परवाना ठरवत असे. पुण्यात आकुर्डीला बजाजने १९६० च्या दशकात पियाजिओच्या सहकार्याने व्हेस्पा बनवली, १९७२ पासून चेतक आली, आणि नोंदणी करून वर्षानुवर्षे वाट पाहणे हा मध्यमवर्गाच्या आयुष्याचा भाग झाला. मोटारसायकली मोजक्याच : मद्रासची एनफिल्ड बुलेट १९५५ पासून, मुंबईच्या रुस्तम इराणींच्या पुढाकाराने म्हैसूरला बनू लागलेली जावा १९६० च्या सुमारास, आणि एस्कॉर्ट्सची राजदूत १९६२ पासून. यांतली बुलेट आणि जावा ही शहरांची किंवा सधन घरांची वाहने होती. खेड्यापाड्यांत चालली ती राजदूत. पोलंडच्या एका गाडीवर बेतलेले १७३ सीसीचे तिचे टू-स्ट्रोक इंजिन ताकदीने फार मोठे नव्हते, पण ते चिखलात चाले, दोन्ही बाजूंना दुधाचे कॅन लादता येत आणि गावचा मिस्त्री ते झाडाखाली उघडून बसवू शके. अंगावर कवच नसलेली, ताठ बैठकीची, सगळ्या कामाची गाडी हा प्रकार नवा नाही, हे इथेच नोंदवून ठेवले पाहिजे. मोटारसायकलचे मूळ रूपच ते आहे. फेअरिंग ही शर्यतीसाठी आलेली नंतरची भर आहे.

मग आली खऱ्या अर्थाने सामान्यांची दुचाकी, आणि तीही महाराष्ट्रातूनच. १९७२ साली पुण्याच्या कायनेटिक इंजिनिअरिंगने लूना काढली. पन्नास सीसी, पेडल, गिअर नाही. बजाजची एम-८० ऐंशीच्या दशकात तिच्या जोडीला आली. या गाड्यांचे महत्त्व त्यांच्या वेगाने मोजू नये. गावातून पेणच्या किंवा रोह्याच्या बाजाराला यायचे, भाजी, मासळी, दूध किंवा पोह्यांची पोती आणायची, शाळेत शिकवायला जायचे, हा पाच ते पंधरा किलोमीटरचा परीघ होता आणि त्याला पन्नास-पंचाहत्तर सीसी पुरेसे होते. पेणच्या आसपास हमरापूर, जोहे या गावांत गणेशमूर्तींचा धंदा वाढत गेला, तेव्हा मूर्ती टेम्पोने गेल्या, पण कारागिराची रोजची ये-जा आणि रंग, ब्रश, माती यांची किरकोळ खरेदी याच परिघात होती. दुचाकी हे इथे पहिल्यापासून कामाचे साधन होते. हौस तिच्या मागून आली, पुढे चालली नाही.

परीघ वाढण्याची पहिली मोठी घटना म्हणजे कारखाने. रोह्याजवळ धाटावची औद्योगिक वसाहत रासायनिक कारखान्यांनी भरली. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस नागोठण्याला पेट्रोकेमिकल्सचा प्रचंड प्रकल्प उभा राहिला. नव्वदच्या दशकात वडखळजवळ डोलवीला पोलादाचा कारखाना आला. रासायनिक कारखाना आणि भट्टी रात्री बंद ठेवता येत नाहीत, म्हणून तीन पाळ्या आल्या. रात्री अकराला सुटणाऱ्या किंवा सकाळी सातला सुरू होणाऱ्या पाळीशी एसटीची वेळ जुळेलच असे नव्हते. रेल्वे १९८६ साली आपट्याहून रोह्यापर्यंत पोचली, पण दिवसाला मोजक्याच गाड्या असल्यामुळे पाळीच्या कामगाराचा प्रश्न तिने सोडवला नाही. नेमक्या याच वर्षांत केंद्र सरकारने शंभर सीसीपर्यंतच्या दुचाकींसाठी जपानी कंपन्यांशी सहकार्याची वाट मोकळी केली होती. १९८४ साली इंड-सुझुकी, १९८५ साली हिरो होंडाची सीडी १०० आणि यामाहाची आरएक्स १००, पाठोपाठ बजाजची कावासाकी केबी १००. यांतली हिरो होंडा फोर-स्ट्रोक होती आणि लिटरमागे इतके अंतर कापत असे की कामगाराला महिन्याचा पेट्रोलचा हिशोब बसवता आला. नागोठण्याहून भिसे खिंडीतून रोहा, किंवा पेणहून वडखळ-डोलवी, हा वीस-पंचवीस किलोमीटरचा रोजचा फेरा शंभर सीसीच्या गाडीने शक्य केला. कारखाना आणि शंभर सीसी ही जोडी एकमेकांना धरून वाढली.

दुसरी घटना घडली ती नव्या शतकाच्या सुरुवातीला, आणि तिचे केंद्र जिल्ह्याच्या उत्तर टोकाला होते. १९८९ साली न्हावा-शेवाचे बंदर सुरू झाले, सिडकोची नवी मुंबई पनवेलपर्यंत पसरली, कॉलेजे, गोदामे, कंटेनर यार्ड, दवाखाने, बांधकामे यांची मागणी वाढली. पेण हे पनवेलच्या दाराशी आले. पेणहून पनवेल हे तीस-पस्तीस किलोमीटरचे अंतर, पण रस्ता मुंबई-गोवा महामार्गाचा, ट्रकांनी भरलेला, खारपाड्याच्या पुलावरून आणि कर्नाळ्याच्या खिंडीतून जाणारा. या रस्त्यावर शंभर सीसीची गाडी ट्रकमागे अडकून पडते. ओव्हरटेक करायला लागणारा पिकअप तिच्यात नसतो. २००१ च्या अखेरीस बजाजची पल्सर १५० आणि १८० सीसीमध्ये आली. चाकणच्या कारखान्यातून निघालेल्या या गाडीने बारा ते पंधरा अश्वशक्ती, पुढे डिस्क ब्रेक आणि भक्कम अंग हे सगळे सामान्य नोकरदाराच्या आवाक्यात आणून ठेवले. तिच्याआधी १९९९ साली हिरो होंडाची सीबीझेड आली होती, पण पल्सरने हा वर्ग जिल्हा-तालुक्यापर्यंत नेला. महामार्गावर पंचवीस-तीस किलोमीटर सलग, मागे माणूस बसवून, पावसात, ट्रकांच्या सोबतीने जाणे ही जी नवी गरज निर्माण झाली तिला दीडशे सीसी हे उत्तर होते.

आता चारशे सीसीकडे येऊ. २०१२ साली चाकणहून केटीएमची २०० ड्यूक आली. ऑस्ट्रियाच्या या कंपनीत बजाजने २००७ पासून भागीदारी घेतली होती. २०१२ सालीच पल्सर २०० एनएस आली. २०१३ साली ३७३ सीसीची ३९० ड्यूक १ लाख ८० हजारांना मिळू लागली, आणि त्रेचाळीस अश्वशक्तीची गाडी इतक्या किमतीत मिळणे ही त्या वेळी जगातच दुर्मीळ गोष्ट होती. २०१६ च्या अखेरीस डोमिनार ४००, २०२२ साली रॉयल एनफिल्डची हंटर ३५०, २०२३ साली बजाजने ट्रायम्फसाठी चाकणलाच बनवलेली स्पीड ४००, आणि २०२४ साली पल्सर एनएस ४०० झेड. स्पीड ४०० ची एक्स-शोरूम किंमत सुरुवातीला २ लाख ३३ हजार होती, ताकद चाळीस अश्वशक्ती, बैठकीची उंची ७९० मिलिमीटर. एनएस ४०० झेड १ लाख ८५ हजारांना आली. हंटर दीड लाखापासून सुरू झाली. ही स्वस्ताई कुठून आली, याचे उत्तर युरोपात आहे. तिथे २०१३ पासून लागू असलेल्या नियमांनी अठरा वर्षांच्या चालकासाठी ३५ किलोवॅटपर्यंतच्या ताकदीचा मधला परवाना ठेवला आहे. त्या मर्यादेत बसणारी, शिकाऊ पण मोठ्या गाडीची तोंडओळख करून देणारी मोटारसायकल जगभर हवी होती, आणि ती सगळ्यांत कमी खर्चात बनवण्याचे कसब चाकणने मिळवले. घाटावर बनणारी तीच गाडी बोटीतून युरोपला जाते आणि बोरघाट उतरून पेणला येते. जगासाठी मोठ्या संख्येने बनते म्हणून आपल्याला परवडते.

पण परवडणे हे कारण अर्धेच. ती इथे उपयोगी का ठरली, हे पाहायला रस्ता पाहावा लागतो. पेण-रोह्याच्या चालकाला एका दिवसात चार प्रकारचे रस्ते भेटतात. गावातले अरुंद बोळ, महामार्गाचा सरळ टप्पा, सुकेळी किंवा भिसे खिंडीचे चढ-वळण, आणि पावसाळ्यात खड्ड्यांची रांग. पनवेल ते इंदापूर या ८४ किलोमीटरच्या चौपदरीकरणाचे काम २०११ मध्ये सुरू झाले आणि एका पिढीच्या शाळेची वर्षे त्या अर्धवट रस्त्यावर गेली. वाकलेल्या बैठकीची, शर्यतीच्या घडणीची गाडी या रस्त्यावर मनगटे आणि कंबर मोडते. फार जड क्रूझर गावाच्या बोळात वळत नाही. शंभर सीसीची गाडी खिंडीत दोघांना घेऊन हळू होते. ताठ बैठक, रुंद हँडल, लांब सस्पेन्शन आणि कमी वेगातही ओढणारे इंजिन असलेली मधल्या वजनाची गाडी या चारही ठिकाणी निभावते. शिवाय पडली तर फुटायला महागडे फेअरिंग नसते, हा नवशिक्यासाठी छोटा फायदा नव्हे. आणखी एक गोष्ट विसरता कामा नये. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर दुचाकीला बंदी आहे, २०२४ साली उघडलेल्या अटल सेतूवरही तिला प्रवेश नाही. गाडी कितीही मोठी असो, वेगवान रस्ते मोटारसायकलला नाकारतात. पेण-रोह्याचा माणूस मुंबई-पुण्याला दुचाकीने जाईल तो जुन्या महामार्गाने, खोपोलीच्या घाटाने किंवा कोलाडहून ताम्हिणीने. त्या रस्त्यांना लागते ती हीच गाडी.

यावर पहिला आक्षेप असा की हे सगळे हौसेला दिलेले गंभीर नाव आहे. सिनेमा, जाहिरात, मित्रांची चढाओढ यांनी मुलगा मोठी गाडी मागतो आणि बापाने कर्ज काढायचे. हौस नाही असे मी म्हणत नाही. पण हौस एकटी बाजार घडवू शकत नाही, याचा पुरावा इतिहासातच आहे. १९८३ साली राजदूत-यामाहाची आरडी ३५० भारतात आली. दोन सिलिंडर, तीस अश्वशक्तीच्या आसपास ताकद, तेव्हाच्या तरुणांच्या स्वप्नात सतत येणारी गाडी. दशक संपता संपता ती बंद पडली. पेट्रोल पिणे आणि देखभालीचा खर्च तिला मारक ठरला, आणि तिच्यानंतर दोन वर्षांनी आलेली शंभर सीसीची आरएक्स घराघरांत गेली. हौस निर्णायक असती तर उलटे झाले असते. बुलेटचेही तसेच. ३४६ सीसीची बुलेट १९५५ पासून बाजारात होती, तिचा मान होता, पण जड किक, तेलगळती आणि सततची देखभाल यांमुळे ती थोड्यांची राहिली. २००९ च्या सुमारास नवे, भरवशाचे इंजिन आले, बटणाने गाडी सुरू होऊ लागली, आणि मग तीच बुलेट तालुक्याच्या गावांत वाढली. मोठ्या इंजिनाची ओढ सत्तर वर्षे होतीच. ती फळाला आली ती उपयोगिता जुळल्यावर.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. पेण-रोह्यात आजही सर्वांत जास्त दिसतात त्या शंभर-सव्वाशे सीसीच्या गाड्या आणि बिनागिअरच्या स्कूटर. मग सर्वांत बहुगुणी गाडी तीच नव्हे काय? बाजाराची पिशवी, शाळेचे मूल, गॅसचा सिलिंडर, घरातल्या बाईला चालवता येण्याची सोय, या कसोट्यांवर स्कूटर पुढे आहे, हे मान्य करायलाच हवे. पण माझ्या मांडणीला याने धक्का लागत नाही, उलट बळ मिळते. ज्याचा परीघ पंधरा किलोमीटरचा आहे त्याने पंधरा किलोमीटरची गाडी घ्यावी, हेच तर लोक आजवर करत आले आहेत. मोठी गाडी घेणारा वर्ग लहान आहे कारण मोठ्या परिघाची माणसे अजून कमी आहेत, आणि ज्यांचा परीघ मोठा आहे त्यांतल्या अनेकांच्या खिशात पैसे नाहीत. करानेही इथे रेघ ओढली आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकीवर १८ टक्के जीएसटी आहे आणि त्यावरच्या गाडीवर ४० टक्के. म्हणजे हंटर ३५० स्वस्त झाली आणि स्पीड ४०० वर भार आला. तब्बल बावीस टक्क्यांचा हा फरक ऐषारामाची गाडी आणि गरजेची गाडी यांच्यातली सीमा सीसीने मोजतो. चारशे सीसीची एक सिलिंडरची गाडी आणि हजार सीसीची चार सिलिंडरची गाडी एकाच दरात बसवणे हे या जिल्ह्याच्या अनुभवाशी जुळत नाही. सीमा ताकदीने किंवा किमतीने आखली असती तर ती अधिक न्याय्य झाली असती.

तिसरा आक्षेप मिस्त्रीचा. राजदूत झाडाखाली दुरुस्त होत असे. आजच्या चारशे सीसीच्या गाडीत पाण्याने थंड होणारे इंजिन, फ्युएल इंजेक्शन, सेन्सर आणि सगळ्यांवर राज्य करणारा छोटा संगणक आहे. बिघाड शोधायला लॅपटॉप लागतो आणि अधिकृत सर्व्हिस सेंटर अनेकदा पनवेल किंवा नवी मुंबईला असते. म्हणजे माणूस वेळापत्रकातून सुटला आणि सर्व्हिस सेंटरच्या ताब्यात गेला, असे कोणी म्हणेल. या आक्षेपात तथ्य आहे. दोन गोष्टी तरी तोलायला हव्यात. एक, आजची गाडी मुळात कमी बिघडते. स्पीड ४०० ची सर्व्हिस सोळा हजार किलोमीटरवर ठेवली आहे. राजदूतच्या मालकाला तेवढ्या अंतरात प्लग आणि पॉइंट कितीदा साफ करावे लागत हे त्यालाच ठाऊक. दोन, २०२० च्या एप्रिलपासून बीएस-सहा हे प्रदूषणाचे निकष लागू झाल्यावर शंभर सीसीच्या गाडीतही इंजेक्शन आणि सेन्सर आले. जुन्या मिस्त्रीसमोरचा प्रश्न मोठ्या गाडीने निर्माण केलेला नाही, तो सगळ्याच गाड्यांचा आहे. त्याचे उत्तर रोहा आणि पेणच्या गॅरेजवाल्यांना नवे तंत्र शिकवण्यात आहे. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांनी हे काम मनावर घेतले तर झाडाखालचा मिस्त्री नव्या गाडीपुढेही टिकेल.

चौथा आक्षेप सर्वांत गंभीर, आणि त्याला टाळून हा विषय संपवणे अप्रामाणिक ठरेल. शंभर सीसीच्या गाडीत आठ अश्वशक्ती असतात, या गाडीत चाळीस. वजन एकशे दहा-बारा किलोवरून एकशे पंच्याहत्तरच्या घरात जाते. एकोणीस वर्षांच्या मुलाच्या हाती पाचपट ताकद द्यावी काय? एक बाजू अशी की ही गाडी तिच्या ताकदीच्या प्रमाणात सावरून घेणारी आहे. सव्वाशे सीसीच्या वरच्या प्रत्येक नव्या गाडीला एप्रिल २०१९ पासून एबीएस सक्तीचे झाले, म्हणून ओल्या रस्त्यावर घाबरून ब्रेक दाबला तरी चाक अडकत नाही. स्पीड ४०० सारख्या गाडीत मागचे चाक घसरू न देणारी यंत्रणाही आहे. त्याच नियमाने सव्वाशे सीसीपर्यंतच्या गाडीला साधी जोडब्रेकची सोय पुरते असे मानले, आणि कोकणच्या पावसात बहुसंख्य लोक त्याच गाड्या चालवतात. सुरक्षेची अट ताकदीशी बांधली गेली, पावसाशी नाही. दुसरी बाजू मात्र आपल्या विरुद्ध जाते. युरोपात नवशिका याच ताकदीच्या गाडीवर बसतो तो स्वतंत्र चाचणी देऊन, आणि त्यापुढच्या गाडीसाठी पुन्हा वेगळी पायरी चढून. आपल्याकडे गिअरच्या दुचाकीचा परवाना एकच. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याने वयाची अट अठरा ठेवली, आणि तो परवाना मिळाला की शंभर सीसी असो की हजार, कायद्याच्या दृष्टीने सगळे सारखे. जमिनीला पाय न लावता आठचा आकडा काढत गाडी वळवणे ही परीक्षा महामार्गावर ट्रकच्या बाजूने ऐंशीच्या वेगाने जाण्याची तयारी तपासत नाही. पाऊस, खिंड, रात्र, मागे बसलेला माणूस यांतले काहीच तीत नाही. दोष गाडीचा नाही. गाडी पाच पायऱ्या चढली आणि परवाना पहिल्याच पायरीवर उभा राहिला, ही खरी अडचण आहे.

इतिहासाने आपल्याला जे शिकवले ते एवढे की इथल्या माणसाने गाडी बहुतेक वेळा शहाणपणाने निवडली. लूनापासून चारशे सीसीपर्यंत प्रत्येक गाडीने त्याला कोणाच्या तरी वेळापत्रकातून सोडवले. २०२१ च्या ऑक्टोबरपासून जवळपास सहा महिने एसटी संपामुळे थांबली, त्या काळात दुचाकी नसलेल्या घरांची अडचण आणि असलेल्या घरांची सोय यांतला फरक कोकणाने पाहिला आहे. सार्वजनिक वाहतूक मजबूत झालीच पाहिजे, रस्ता पूर्ण झालाच पाहिजे, आणि तरीही स्वतःची गाडी ही गरज राहील. म्हणून तिला नावे ठेवण्यापेक्षा तिला लायक चालक घडवणे हे काम आहे. याची सुरुवात पेणमधूनच होऊ शकते. जिल्ह्याच्या एमएच-०६ क्रमांकाच्या गाड्यांची नोंदणी करणारे परिवहन कार्यालय पेणला आहे. तिथे मोठ्या गाडीसाठी वेगळी चाचणी, ओल्या रस्त्यावर ब्रेक लावण्याचा सराव आणि चढ-वळणाचा ट्रॅक उभा करायला जिल्ह्यातल्या कारखान्यांनी आणि गाडी विकणाऱ्या कंपन्यांनी हातभार लावावा. कायदा बदलेपर्यंत खरेदीदाराने स्वतःच ही पायरी पाळावी : किमान एक पावसाळा लहान गाडीवर काढा, हेल्मेट पुढच्याला आणि मागच्याला दोघांनाही घाला, आणि गाडी निवडताना शोरूमच्या दिव्याखाली न ठरवता आपला रोजचा रस्ता डोळ्यांसमोर आणून ठरवा. परीघ खरोखर वाढला असेल तर चारशे सीसीची ही गाडी तुमच्यासाठीच बनली आहे. नसेल तर लहान गाडीत कमीपणा मानण्याचे काही कारण नाही.